चेरी काउंटी, नेब्रास्का : पुणे जिल्ह्याएवढी जमीन आणि साडेपाच हजार माणसं

सरिता_लिंकन

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला आम्ही अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकनहून निघून पाच तास गाडी हाणत व्हॅलेंटाइनला गेलो, नायोब्रारा नदीत ट्यूबिंग करायला (हवेच्या ट्यूबवर बसून वाहत जायचं) म्हणून, आणि आल्यापासून मी रोज रात्री त्या भागाबद्दलच वाचत बसलेय, घरचे वैतागलेत, म्हणून इथे लिहिते.

व्हॅलेंटाइन हे चेरी काउंटीचं मुख्य गाव. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण इथे ती कितीही लहान मोठी असते. चेरी ही नेब्रास्कातली सगळ्यात मोठी, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढी. पुणे जिल्ह्यात २०११ ला ९४ लाख लोक होते. चेरीत २०२० च्या शिरगणतीत ५,४५५. त्यातले निम्मे एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये. उरलेले अडीच-पावणेतीन हजार त्या सगळ्या पसाऱ्यात. गायी मात्र दीड लाखाच्या वर, मांसासाठी पाळलेल्या गायींच्या संख्येत ही काउंटी अख्ख्या अमेरिकेत पहिल्या नंबरला असते.

व्हॅलेंटाइनहून हायवे ८३ ने दक्षिणेला थेडफर्डकडे निघालं की दोन्ही बाजूंना नुसत्या गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, म्हणजे सँडहिल्स, एकामागे एक, मध्येच एखादं तळं, एखादी पवनचक्की, काटेरी तारेचं कुंपण, आणि परत टेकड्या. साठेक मैलांत मला एक पेट्रोल पंप दिसला नाही. माझा मुलगा म्हणाला, "आई, इथे कधी कोणी राहिलंच नाही का?" मी पण तेच समजत होते, आणि वाचायला लागल्यावर कळलं की हे साफ चूक आहे. माणसं आली, राहिली, आणि गेली. काहींना घालवलं, काही आपणहून गेली. १९२० ला याच काउंटीत पावणेबारा हजार लोक होते, आजच्या दुपटीहून जास्त!

आधीचं थोडक्यात सांगते. हा सगळा मुलूख पॉनी आणि नंतर लकोटा या मूळ अमेरिकन जमातींच्या शिकारीचा. १८६८ च्या फोर्ट लारामी करारात लकोटांना नॉर्थ प्लॅट नदीच्या उत्तरेला शिकार करायचा हक्क दिला होता, पण त्यात अट अशी की शिकार करण्याइतके बायसन तिथे आहेत तोवरच. मग बायसन मारून संपवले. १८७५ मध्ये तो हक्क काढून घेतला, १८७७ ला ब्लॅक हिल्स ही त्यांची डोंगराळ जमीनही गेली, आणि लोकांना उत्तरेला रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी आखून दिलेल्या जमिनीत, बसवलं. चेरीच्या उत्तर सीमेला लागूनच साउथ डकोटात रोझबड रिझर्व्हेशन आहे, सिचांगू लकोटांचं. १८८० ला फोर्ट नायोब्रारा बांधला तो त्यांच्यावर नजर ठेवायलाच. म्हणजे "रिकामी जमीन होती, लोक येऊन राहिले" हे जे पाटीवर लिहिलेलं असतं ते मला आता वाचवत नाही.

गोऱ्या गुरंवाल्यांना या टेकड्यांची भीती वाटायची. आत गेलं की दिशा कळत नाही, पाणी नाही, गुरं मरतात असा समज. मार्च १८७९ मध्ये मोठं हिमवादळ आलं आणि न्यूमन रँचची (रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं कुरण) हजारो गुरं वाऱ्याच्या रेट्याने दक्षिणेला या टेकड्यांत गेली. काउबॉय नाइलाजाने शोधायला आत घुसले तर आपली गुरं धडधाकट आणि वर दुसऱ्यांची चुकलेली, डाग न दिलेली जनावरं पण, कित्येक हिवाळे आतच काढलेली, अंगाने भरलेली. तिथून पुढे सगळे रँचवाले आत आले. १८८३ च्या सुमारास रेल्वे आली, त्याच वर्षी काउंटी झाली. नाव सॅम्युअल चेरी या लेफ्टनंटवरून, चेरीची झाडं वगैरे काही नाही. मे १८८१ मध्ये दरोडेखोरांच्या मागावर असताना त्याच्याच तुकडीतल्या शिपायाने त्याला गोळी घातली. आणि व्हॅलेंटाइन हे तिथल्या काँग्रेसमनचं, म्हणजे खासदाराचं, आडनाव. आता लोक फेब्रुवारीत आपली पत्रं तिथल्या पोस्टात पाठवून शिक्का मारून घेतात.

बाकी पुढच्या पोस्टमध्ये. कोणी त्या बाजूला गेलंय का?

---

किरण_टी

मस्त धागा. दोन प्रश्न. एक, वाळूच्या टेकड्या म्हणताय आणि गवतपण म्हणताय, मग वाळूवर इतकं गवत उगवतं कसं? आणि दोन, होमस्टेड कायद्यात लोकांना फुकट जमीन मिळायची ना, मग टिकले का नाहीत? फुकट मिळालेली जमीन कोण सोडतं?

---

मातीवाला

पहिल्याचं उत्तर मी देतो, माझा विषय आहे, मी तिथे दोन उन्हाळे सॅम्पल गोळा करत हिंडलोय.

सँडहिल्स म्हणजे खरोखरच वाळूचे ढिगारे आहेत, राजस्थानात दिसतात तसे, काही ठिकाणी शंभर मीटरच्या वर उंच. पश्चिम गोलार्धातला सगळ्यात मोठा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश, साधारण ५०,००० चौरस किलोमीटर. फरक इतकाच की यांच्यावर गवताने पांघरूण घातलंय. लांब मुळांचं गवत आहे, ते वाळूला धरून ठेवतं. पावसाचं पाणी वाहून जातच नाही, पडलं की सरळ खाली मुरतं. खाली ओगालाला हा अवाढव्य भूजलसाठा, त्याचा सगळ्यात जाड भाग नेमका या टेकड्यांखाली. जिथे दोन टेकड्यांमधला खळगा पाण्याच्या पातळीच्या खाली जातो तिथे आपोआप तळं तयार होतं. सरिताताईंनी पाहिलेली तळी ती. म्हणजे टेकडीवर उभं राहिलं की कोरडं रान आणि पायाखाली मरणाचं पाणी.

पण गवताची कातडी फक्त काही बोटं जाड आहे. नांगर घातलात, किंवा एकाच जागी गुरांची जास्त वर्दळ झाली, किंवा कुंपणाच्या कडेने पायवाट पडली, की वारा तिथून वाळू उपसायला लागतो. खड्डा मोठा मोठा होत जातो, टेकडीला भोक पडल्यासारखं दिसतं. त्याला तिथे ब्लोआउट म्हणतात. मी एका ब्लोआउटच्या तळाशी उभा राहिलोय, कडा डोक्यावर दोन पुरुष उंच, आणि कडेने गवताची मुळं नुसती हवेत लोंबतायत, दोऱ्यासारखी. वारा सुटला की वाळू तोंडावर सुया टोचल्यासारखी लागते.

एक गंमतीची गोष्ट अशी की ब्लोआउट पेनस्टेमॉन नावाचं एक फुलझाड फक्त या उघड्या वाळूतच वाढतं, जांभळट फुलं येतात, सुंदर वास असतो. रँचवाल्यांनी चराई सुधारली, वणवे आटोक्यात आले, ब्लोआउट बुजत गेले आणि हे झाड जवळजवळ संपलं. नामशेष झालं असंच समजत होते, १९६८ ला परत सापडलं. १९८७ पासून संरक्षित आहे.

---

माणदेशी

सरिताताई, लेख आवडला. मी माण तालुक्यातला, आमच्याकडं पाऊस नाही आन् माळ उदंड, त्यामुळं वाचताना सगळं डोळ्यापुढं येतंय. किरणराव, जमीन फुकट मिळाली तरी तिच्यावर पोट भरलं पाहिजे ना. माळरानावर एकराचा हिशोब चालत नाही, जनावराचा चालतो. एका गाईला वर्षभर किती रान लागतं ते आधी सांगा मग किती एकर दिली ते बघू.

आणि नुसतं गवतच असेल, झाड नसेल, तर जळण काय आन् घर कशाचं बांधायचे हे लोक?

---

सरिता_लिंकन

माणदेशी दादा, तुम्ही नेमका मुद्दा पकडलात, सगळी मेख तिथेच आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर मिळायची, पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, कसायचं, मग जमीन नावावर. १६० एकर हा आकडा पूर्वेकडच्या, पावसाच्या, काळ्या जमिनीच्या भागातून आलेला. तिथे एवढ्यात कुटुंब आरामात जगतं. सँडहिल्समध्ये एका गाय-वासराला वर्षाला पंधरा-वीस एकर लागतात. करा हिशोब, १६० एकरात आठ-दहा गायी. त्यात काय होणार! म्हणून पहिली वीसेक वर्षं लोक फक्त नदीकाठाने, ओढ्याकाठाने बसले, बाकीचं रँचवाल्यांनी वापरलं.

मग १९०४ ला मोझेस किंकेड या काँग्रेसमनने कायदा आणला, फक्त पश्चिम नेब्रास्कातल्या ३७ काउंट्यांसाठी. माणशी ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल, तिथे त्याला सेक्शन म्हणतात. पाच वर्षं राहायचं आणि एकरी सव्वा डॉलरची सुधारणा दाखवायची, पूर्ण सेक्शनला ८०० डॉलर झाले. २८ जून १९०४ ला कायदा लागू झाला आणि लँड ऑफिसांपुढे रांगा लागल्या. या लोकांना किंकेडर म्हणायचे. चेरी काउंटीत १९०० ला साडेसहा हजार लोक होते, १९१० ला दहा हजारांवर गेले. शाळा, पोस्ट ऑफिसं, नाचाचे हॉल, सगळं त्या वीस वर्षांत उभं राहिलं.

पण ६४० एकर म्हणजे तरी किती, तीस-चाळीस गायी. पहिली काही वर्षं मका लावला, थोडंफार पिकलं पण, मग मातीवाला म्हणतायत तसं गवताची कातडी गेली आणि शेत उडून शेजारच्या कुंपणावर जाऊन बसलं. ज्यांनी नांगर घातला नाही, फक्त गवत कापून गंज्या रचल्या आणि गायी ठेवल्या, ते जरा टिकले. बाकीच्यांनी पाच वर्षं कशीबशी भरली, कागद हातात आला, आणि शेजारच्या मोठ्या रँचला विकून गाडी भरली. किरण, फुकटची जमीन कोण सोडतं याचं उत्तर हे आहे. ती फुकट नव्हतीच, पाच हिवाळे मोजले होते त्यांनी.

आता घराचं. गवताचा गड्डाच घर. खास नांगराने जमिनीचा पट्टा कापायचा, मग फावड्याने दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे, आणि विटांसारखे रचायचे, गवताची बाजू खाली, म्हणजे मुळं एकमेकांत गुंततात. भिंत दोन-अडीच फूट जाड. याला सॉड हाउस, लाडाने सॉडी. आपल्या धाब्याच्या घरासारखंच, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. आणि धाब्याच्या घराचा जो त्रास तोच तिथेही, पाऊस लागला की गळणार, बाहेर थांबला तरी आत दोन दिवस टिपटिप. छताखाली पातळ कापड ताणून बांधायचे, माती पडू नये म्हणून, आणि साप पण. मी एका म्युझियममध्ये अशा भिंतीवर हात ठेवून पाहिला, खिडकीची कड इतकी खोल की बाई त्यात मांडी घालून बसेल, आणि बोटाने कोपरा जरा दाबला तर भुसभुशीत माती हातात आली, मधून वाळलेल्या मुळांची जाळी.

जळण म्हणजे आधी बायसनच्या आणि मग गुरांच्या वाळलेल्या शेणाच्या चकत्या. बायका-पोरं पोती घेऊन माळावर वेचत हिंडायची.

---

माणदेशी

त्याला आमच्याकडं रानशेण्या म्हणतात! गवरी थापलेली असते, रानशेणी आपसूक वाळलेली. माझी आजी डोईवर पाटी घेऊन जायची. रानशेणीचा जाळ गवरीपेक्षा हलका, लवकर धरतो लवकर विझतो, सारखं घालत राहावं लागतं. तिथल्या बायकांना पण चुलीपुढून उठता येत नसणार.

---

मातीवाला

घरांबद्दल एक भर. जिथे वाळू फारच सुटी असते तिथे गड्डा नीट कापला जात नाही, तुटतो. अशा ठिकाणी लोकांनी वाळलेल्या गवताच्या दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांच्या भिंती केल्या आणि वर गिलावा दिला. बेलिंग मशीन नुकतीच आली होती तेव्हा. आज जगभर इकोफ्रेंडली म्हणून स्ट्रॉ-बेल घरं बांधतात त्याची सुरुवात या टेकड्यांत झाली. दक्षिणेला आर्थर नावाच्या गावात १९२८ चं गठ्ठ्यांचं चर्च अजून उभं आहे, आत जाऊन बघता येतं.

---

ओमाहाकर

रँचवाल्यांची बाजू पण यायला पाहिजे. सगळ्यात गाजलेला माणूस बार्टलेट रिचर्ड्स. स्पेड रँच त्याची, शेरिडन आणि चेरी दोन्ही काउंट्यांत पसरलेली. याने आणि त्याचा पार्टनर कॉमस्टॉकने लाखो एकर सरकारी जमिनीला काटेरी तार घालून टाकली. तार नुकतीच स्वस्तात मिळायला लागली होती, १८७४ चं पेटंट. शिवाय सिव्हिल वॉरमधल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या आणि विधवांच्या नावावर क्लेम, म्हणजे जमिनीचा हक्क, टाकायला लावायचे आणि तो तुकडा आपण वापरायचा, म्हणजे कागदावर होमस्टेडर, प्रत्यक्षात रँच. आपल्याकडे बेनामी म्हणतो तेच.

१९०५ ला दोघांनी बेकायदा कुंपणाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा काय, ३०० डॉलर दंड आणि सहा तास मार्शलच्या, म्हणजे कोर्टाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या, ताब्यात. ते सहा तास त्यांनी ओमाहा क्लबात घालवले! इथे डाउनटाउनमध्ये होता तो क्लब. हे वॉशिंग्टनला कळल्यावर थिओडोर रूझवेल्ट असा भडकला की त्याने सरकारी वकील आणि मार्शल दोघांना काढून टाकलं. परत खटला, यावेळी क्लेमच्या फसवणुकीचा, एक वर्ष कैद. अपिलं करत करत १९१० च्या शेवटी हेस्टिंग्जच्या जेलमध्ये गेला आणि १९११ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षा पूर्ण व्हायच्या आधीच वारला, वय पन्नाशीच्या आत.

माझं मत सांगतो. माणूस चुकला, गरिबांच्या वाट्याची जमीन लबाडीने खाल्ली, यात शंका नाही. पण जमिनीबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो वर्षानुवर्षं सरकारला सांगत होता की ही जमीन नांगराची नाही, चौकोनी तुकडे करून वाटू नका, चराईसाठी भाड्याने द्या. सरकारने ऐकलं नाही. मग किंकेडरांनी ती घेतली, त्यातल्या बऱ्याच जणांनी सोडली, आणि शेवटी ती परत मोठ्या रँचांकडेच गेली. मधली वीस वर्षं हजारो कुटुंबांनी भोगलं.

---

वैदेही_ओंटारिओ

तुम्ही सगळे डीविटीबद्दल कसं काय बोलत नाही? मी वाट बघत होते, शेवटी स्वतःच लिहिते.

चेरी काउंटीच्या दक्षिण भागात ब्राउनली म्हणून छोटी वस्ती आहे, नॉर्थ लूप नदीवर. तिथून नदीच्या वरच्या अंगाला १९०७ च्या सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबांनी किंकेड कायद्याखाली जमिनी घेतल्या. नेब्रास्कातली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची सगळ्यात मोठी ग्रामीण वस्ती. गावाचं नाव डीविटी, पोस्टमास्तरच्या आडनावावरून. नंतर पोस्टाचं नाव बदलून ऑडेशस ठेवलं. ऑडेशस! म्हणजे धाडसी, बेधडक. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा.

मला हे माहीत असण्याचं कारण असं की मी ओंटारिओत चॅथमजवळ राहते आणि बक्स्टन आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. बक्स्टन म्हणजे १८४९ ला गुलामीतून पळून आलेल्या लोकांसाठी वसवलेली वस्ती, आज तिथे म्युझियम आहे. डीविटीच्या पहिल्या कुटुंबांपैकी काही जण या आमच्या बाजूचे. म्हणजे बघा, अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम, तिथून पळून कॅनडा, कॅनडातून परत अमेरिकेत नेब्रास्काच्या ओव्हरटनला, आणि तिथे पुरेशी जमीन मिळेना म्हणून पुढे चेरी काउंटीच्या वाळूत. तीन पिढ्यांचा प्रवास, एका सातबाऱ्यासाठी म्हणा ना.

तोपर्यंत चांगल्या जमिनी गेलेल्या होत्या. यांना मिळाली ती आधीच्यांनी नको म्हणून सोडलेली. तरी त्यांनी चर्च उभं केलं, शाळा चालवल्या, बेसबॉलची टीम काढली. ब्राउनलीच्या गोऱ्या शेजाऱ्यांशी बरे संबंध होते, पिकनिकला ये-जा असायची, असं तिथे वाढलेल्या एवा स्पीझ डे यांनी आठवणींत लिहिलंय. त्यांची आजी हेस्टर कृष्णवर्णीय आणि आजोबा चार्ल्स मीहान गोरे, आयरिश वंशाचे, दोघांची ओळख कॅनडातली. त्या काळात असं जोडपं माळावर सॉडीत संसार करत होतं.

आणि त्यांच्या वडिलांकडचं घराणं स्पीझ. नेब्रास्काच्या सॉडीचे जे प्रसिद्ध जुने फोटो आहेत ना, सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने कस्टर काउंटीत काढलेले, त्यात एक शोअर्स कुटुंबाचा आहे, सगळे घरापुढे ओळीने बसलेत. जेरी शोअर्सचे भाऊ मोझेस स्पीझ आणि हेन्री वेब. सख्खे भाऊ आणि तिघांची आडनावं वेगळी, कारण प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मालकाचं आडनाव मिळालं. हे मी तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं.

१९२० नंतर वस्ती उतरणीला लागली, गुरांचे भाव पडले, मग दुष्काळी वर्षं, १९३६ पर्यंत जवळपास सगळे गेले. आज तिथे रँचचं गवत आहे. २०१६ ला हायवेवर फलक लागला, त्याआधी शंभर वर्षं काहीच खूण नव्हती.

---

सरिता_लिंकन

वैदेही, मनापासून थँक यू. मी त्याच हायवेने गेले, तो फलक मागे पडला आणि मला पत्ताच नाही, पोरं मागे भांडत होती. आता परत जाणार, नक्की.

याला जोडून एक. फोर्ट नायोब्रारात १८८५ ते १८९० नाइन्थ कॅव्हलरी होती, म्हणजे कृष्णवर्णीय घोडदळ, आणि १९०२ ते १९०६ ट्वेंटीफिफ्थ इन्फंट्री, ती पण कृष्णवर्णीय. म्हणजे डीविटीच्या आधीपासून या काउंटीत त्यांचा वावर होता, आणि तोही लकोटांवर पहारा करण्याच्या कामाला. कोणाच्या जमिनीवर कोणाला कोणावर नजर ठेवायला बसवलं, याचा विचार करायला लागलं की डोकं सुन्न होतं. १९०६ ला फोर्ट बंद झाला आणि १९१२ ला तिथे अभयारण्य केलं. एका खाजगी मालकाने आपल्याकडचे सहा बायसन, सतरा एल्क आणि दोन हरणं दिली होती. लाखोंच्या कळपांच्या जागी सहा. आज तिथे कळप आहे, आम्ही पाहिला, संध्याकाळच्या उन्हात धूळ अंगावर घेत लोळत होते.

---

किरण_टी

सगळं वाचतोय, खूप नवीन कळलं. पण मला एक वाटतं, रागावू नका. लोक गेले याचं इतकं दुःख का करायचं? मातीवाला म्हणतात तसं ती जमीन नांगराला नकोच होती. माणसं कमी झाली आणि गवत वाचलं. अमेरिकेतलं बाकीचं प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ, बहुतेक सगळं मका-सोयाबीनखाली गेलं, हे एक राहिलं. आणि जे गेले ते शहरात जाऊन शिकले, नोकऱ्या लागल्या. पाच हिवाळे सॉडीत काढण्यापेक्षा ते बरंच की.

---

मातीवाला

किरण, गवताबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. सत्तरच्या दशकात मोठमोठे फिरते स्प्रिंकलर, सेंटर पिव्हट, लावून तिथे मका पिकवायचा प्रयत्न झाला, खाली पाणी आहेच म्हणून. बऱ्याच ठिकाणी परत ब्लोआउट झाले आणि सोडून दिलं. ज्या रँचवाल्यांच्या चार-पाच पिढ्या तिथे गेल्या त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. एका रँचवाल्या आजोबांनी मला सांगितलं होतं, आम्ही गायी पाळत नाही, गवत पाळतो, गायी ते गोळा करून देतात.

---

वैदेही_ओंटारिओ

किरण, रागावले नाही, पण पटलंही नाही. गवत वाचलं ते चांगलंच झालं. दुःख लोक गेल्याचं नाहीये, ते होते हेच पुसलं गेलं याचं आहे. सरिताच्या मुलाने विचारलंच ना, इथे कोणी राहिलंच नाही का. डीविटीतल्या कुणाचा पणतू शिकागोत किंवा डेन्व्हरमध्ये मजेत असेल, असावा, पण त्या माळावरून गाडीने जाणाऱ्याला ती जागा कायमची रिकामीच होती असं का वाटावं?

---

माणदेशी

वैदेहीताईंशी सहमत. आमच्या गावाशेजारी एक वाडी होती, बहात्तरच्या दुष्काळात उठली ती परत बसलीच नाही. आता तिथं जोती राहिलीत दगडाची, आन् एक पार. मी लहान असताना वडील त्या वाटेनं जाताना एकेका जोत्याकडं बोट करून घर कुणाचं ते सांगायचे. मी माझ्या पोरांना त्यातली दोनच सांगू शकतो. गड्ड्याच्या घराचं तर जोतंही उरत नसेल, सगळं मातीत मिळून जाणार.

---

सरिता_लिंकन

हो दादा, उरत नाही. लाकडी छप्पर काढून नेलं की भिंती दहा-वीस वर्षांत खचतात आणि त्यावर परत गवत येतं. जुने लोक सांगतात की सॉडीची जागा ओळखायची असेल तर माणसाने लावलेलं झाड शोधायचं, कॉटनवुड नाहीतर लायलॅक. टेकड्यांत मध्येच एकटं लायलॅक फुललेलं दिसलं की समजायचं, इथे अंगण होतं.

आणि सगळंच संपलंय असं नाही हं. काउंटीच्या उत्तरेला हायवे २० वर कोडी नावाचं गाव आहे, दीडशेक वस्ती. किराणा दुकान बंद पडलं, सामानाला कितीतरी मैल जावं लागायचं. तर शाळेतल्या मुलांनी दुकान काढलं, २०१३ पासून मुलंच चालवतात, शिक्षकांच्या देखरेखीखाली. आणि मातीवाला, तुम्हाला आनंद होईल, इमारत गवताच्या गठ्ठ्यांची बांधलीये! गावाच्या पाटीवर लिहिलंय की हे गाव मरायला तयार नाही, अशा अर्थाचं काहीतरी. आम्ही तिथे दूध आणि केळी घेतली. काउंटरवरच्या पोरीने, असेल पंधरा-सोळाची, कुठून आलात विचारलं. लिंकन म्हटलं तर म्हणाली त्याआधी कुठून. महाराष्ट्र म्हटल्यावर तिने फोनवर नकाशा काढून मला दाखवायला लावलं, आणि मग म्हणाली, आमच्याकडे पण कोणी विचारलं तर असाच नकाशा काढून दाखवावा लागतो.

---

ओमाहाकर

सरिताताई, आम्ही ऑगस्टमध्ये जायचं ठरवतोय, दोन गाड्या, आई-बाबा पण असतील. काय काय लक्षात ठेवायचं?

---

सरिता_लिंकन

व्हॅलेंटाइनला टाकी फुल करूनच दक्षिणेला निघा. फोनला रेंज जाते, नकाशा आधीच डाउनलोड करा. काउंटीच्या मधूनच टाइम झोनची रेघ जाते, पश्चिमेला गेलात की घड्याळ एक तास मागे, जेवायची ठिकाणं लवकर बंद होतात तर गोंधळ होऊ देऊ नका. काकूंना ट्यूबिंग झेपणार नसेल तर व्हॅलेंटाइनजवळ नायोब्रारावरचा जुना रेल्वे पूल दाखवा, आता तिथे चालायची वाट केलीये, वरून नदी खूप खोल दिसते. टेकडीवर चढायचं असेल तर अभयारण्यात चढा, कुंपणाआड सगळी खाजगी रँच आहे, विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि गवतावर गाडी अजिबात घालू नका, चाकोरी पडली की तिथूनच वाळू उडायला लागते. आणि हायवे ८३ वर डीविटीचा फलक आला की थांबा. फोटो काढून इथे टाका प्लीज, मुलाला दाखवायचाय.